आजीच्या तोंडचं पत्र

गुरुजी, तुम्ही गेलात हे मला भूमच्या बाजारात कळलं, भाजीची पिशवी हातात असताना. तोवर तेरावासुद्धा होऊन गेला होता. म्हटलं, इथं माणसांत कशाला, घरी जाऊन रडू. तर घरी पाहुणे येऊन बसलेले. चहा टाकला, स्वयंपाक केला आणि रडायचं राहूनच गेलं. त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. मी अजून शिकवतेय, सोनारीच्या बाजूला एका जिल्हा परिषदेच्या शाळेत, तिसरी-चौथी एकाच खोलीत. तुम्हाला आवडलं असतं की नाही कोण जाणे. तुम्हाला तसं फारसं काही आवडायचं नाही.

तुमचा शनिवार मात्र डोळ्यांपुढून जात नाही. सकाळची शाळा. पडवीत सतरंजी टाकलेली आहे आणि गावातल्या बायका, म्हातारी माणसं येऊन बसलीत. कुणाचा लेक पलटणीत, कुणाची लेक बार्शीकडं दिलेली. त्यांनी सांगायचं आणि आम्ही चौथीच्या लेकरांनी आंतरदेशीय पत्रावर लिहायचं, मग मोठ्यानं वाचून दाखवायचं. हाच तुमचा निबंधाचा तास. मी एका मावशींपुढं बसलेय. आमच्या घरी दखनी उर्दू बोलायचे, त्यामुळं मला पुस्तकातलं मराठी तेवढंच खरं वाटायचं. मावशींची म्हैस मेलेली, त्या पदरानं डोळे पुसत सांगतायत, आणि मी झोकात लिहिलंय की इकडील सर्व मंडळी खुशाल आहेत. तुम्ही कागद उचलून वाचलात. म्हणालात, “म्हस मेलीय ना गं? मग हे खुशाल कोण हाय? ती बाई काय बोलली ते लिही. तुझं शहाणपण ठेव तुझ्यापाशी.” आणि टराटरा फाडलात. मी रडायला लागले तर मावशीच तुम्हाला म्हणाल्या, “बोलू नगा हो गुरजी, लेकरानं चांगलं लिव्हलंय.” तुम्ही म्हणालात, “चांगलं हाय, पण तुमचं न्हाय.” लई राग आला होता तुमचा. दुपारी अब्बांना सांगितलं, तर त्यांनी तुमचीच बाजू घेतली.

आता माझ्या वर्गात ‘माझी आई’ लिहायला सांगितलं की सगळ्यांच्या आया पहाटे उठतात. सगळ्या प्रेमळ, सगळ्या कष्टाळू. एका लेकराची आई त्याला टाकून निघून गेलीय, त्याचीही वहीत पहाटे उठते. गाइडमध्ये तसं छापलंय ना! वाचून डोकंच फिरलं माझं. मीही किती वर्षं त्याच्यावर ‘छान’ लिहीत आले होते, कारण दुपारपर्यंत मोबाइलवर कसली ना कसली माहिती भरून द्यायची असते. यंदा ठरवलं, तुमचा शनिवार करायचा. घरोघरी निरोप दिला. लोक हसले. “बाई, फोन हाय की हातात, आता पत्र कोन लिव्हतंय?” पडवीत कुणी आलं नाही. फक्त चौथीतली एक मुलगी सोमवारी कागद घेऊन आली. तिच्या आजीला दिसत नाही. आजीचा धाकटा लेक, म्हणजे हिचा चुलता, पुण्यात असतो. आजीनं त्याच्यासाठी सांगितलेलं पोरीनं जसंच्या तसं उतरवलं होतं.

“तू फोनवर लई घाईत असतूस. हॅलो म्हनलं की ठेवू का म्हनतूस. म्हनून कागद धाडते. कागदापाशी जरा बस. मला दिसत न्हाय पन तुझ्या सदऱ्याची बाही हाताला कळती. आलास तर उठू नको लगेच.”

गुरुजी, इतक्या वर्षांत असं लिहिलेलं माझ्या हातात पडलं नव्हतं. मी लाल पेन उघडलंच नाही. परंड्याला जाऊन स्वतः टपालात टाकलं. मग रोज परिपाठाला पोरगी विचारायची, “बाई, उत्तर कवा येतंय?” मी छातीठोकपणे म्हणायचे, येईल गं, पत्राचं उत्तर येतंच. कुणी सांगितलं होतं मला असं बोलायला!

पत्र नाही, फोन आला. चुलता पोरीलाच बोलला. पत्र आधी घरमालकानंच उघडून वाचलं, त्याच्यापुढं हसं झालं म्हणे. मी काय मेलोय का, महिन्याला फोन करत नाही का, असले उद्योग तुला कुणी शिकवले? मी घरी गेले तर आजी भिंतीला टेकून बसलेली. म्हणाली, “त्याचंबी खरं हाय बाई. तितं त्याला येळ कुटं. पन पोरीला आता नगा लावू माजं लिव्हायला. बोलायचं म्या, अन् बोलनी खायची तिनं.” चहासुद्धा न घेता उठले.

पोरगी आता फळ्यावरचं सुबक उतरवून काढते. अक्षर सुधारलंय तिचं, केंद्रप्रमुखांनी वही उचलून सगळ्यांना दाखवली. मला मात्र ती वही बघवत नाही. माझ्या हातानं एक लिहितं लेकरू गप झालं, आणि त्याला पुन्हा बोलतं कसं करायचं हे तुम्ही काही शिकवलं नव्हतंत. तुमच्या काळात उत्तरं यायची हो. तुमचं काय गेलं म्हणा!

परवा मधल्या सुट्टीत ती जवळ येऊन उभी राहिली. डब्याला हात लावलेला नव्हता. म्हणाली, “बाई, तुमी लिव्हता का कुनाला पत्र?” म्हटलं, लिहिते की, वरच्या साहेबांना अर्ज लिहिते. “अर्ज न्हाय,” ती म्हणाली, “आपल्या मानसाला.” घंटा झाली म्हणून सुटले.

म्हणून आज बसले. तिनं पुन्हा विचारलं तर हो म्हणता यावं, एवढ्यासाठीच खरं तर, तुमची आठवण वगैरे नंतर आली. हो म्हणेन. पण दाखवा म्हणाली तर दाखवणार नाही. कुणाला लिहिलंय हे तिनं वाचलं की, बाईंनीसुद्धा उत्तर न देणारंच माणूस शोधलं, हे तिला लगेच कळेल.