बाबांच्या शेतांची वर्षं

३ नोव्हेंबर

आली परत ती लॅपटॉपवाली! शेती संशोधन केंद्रातली. कोणत्या शेतात खोल नांगरट कधी झाली, चुना कधी टाकला, कुठली जमीन कधी पडीक ठेवली — चाळीस-पन्नास वर्षांची माहिती एका जागी साठवताहेत म्हणे. आमच्याकडे लिहिलेलं काहीच नाही. सगळं बाबांच्या डोक्यात.

आणि बाबा बोलतात! तिच्यासमोर नुसते सुटतात. माझ्याशी? "हं." वर्षभर फक्त "हं"! मला ठकू म्हणायचंसुद्धा सोडलंय. आज तर म्हणाले, "बाई, चहा ठेवा." परक्या पोरीसमोर टोमणा! ठेवला मुकाट्याने. तिच्या कपात साखर मुद्दाम विसरले. निमूट प्यायली. मेली गुणी आहे, तेच तर खुपतं.

६ नोव्हेंबर

दाराआडून ऐकलं. लाज वाटायला हवी — वाटली नाही. बाबा तिला म्हणाले, "गार वारा सुटलाय, कान झाक." कान झाक! रांधायचं मी, औषधं द्यायची मी, आणि काळजी हिच्या कानांची!

७ नोव्हेंबर

जळते आहे मी. दुसरा शब्द नाही.

१० नोव्हेंबर

आज स्वयंपाकघरात आली. "ताई, तुम्हाला गोवर कधी आला होता?" मी उडालेच. म्हणे, बाबांना सालं आठवत नाहीत, खुणा आठवतात. खालच्या शेतात चुना पडला तो माझ्या गोवराच्या वर्षी. विहिरीकडची जमीन पडीक राहिली ती मी बांधावरून पडून हात मोडला तेव्हा. घ्या! माझा गोवरही तिला देऊन टाकला. माझा हातसुद्धा!

सालं सांगितली, दातओठ खात. तिला आणखी काहीतरी बोलायचं होतं. मी मिक्सर सुरू केला.

१३ नोव्हेंबर

शेवटी विचारलंच — "काय जादू केलीस गं त्यांच्यावर?"

तिने लॅपटॉप मिटला. "ताई, ते मला ठकू म्हणतात. पहिल्या दिवसापासून. 'तुला गोवर आला तेव्हा' — असंच सांगतात सगळं. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

चहा ठेवला. तिच्या कपात साखर घातली. मग तिच्यामागोमाग बाबांच्या खोलीत गेले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "बसा बाई, तुम्हीही ऐका," म्हणाले, आणि तिच्याकडे बोट दाखवलं. "ही लहानपणी फार हट्टी होती."