मोठी भरती

आंबेखोल, जि. रत्नागिरी
२२ एप्रिल २०२४

ती. मीनाताईस,
धाकट्या कल्याणचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून हसशील. पण आमच्या शाळेजवळ रेंज नाही, आणि टेकडीवर चढून फोन लावला तर अण्णा बरंय का एवढंच विचारून फोन मायकडे देतात. कागद मात्र ते शेवटच्या ओळीपर्यंत ऐकून घेतात. म्हणून तू घनसावंगीहून एक दिवस गावी जा आणि हे पत्र त्यांना वाचून दाखव.

मी इथं मास्तर होऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं अण्णांचं एकच चाललंय, बदली करून जालन्याला ये. यंदा बदलीचा फॉर्म आलाय, पंधरा जुलैपर्यंत भरायचा आहे. खरं सांगतो ताई, मला इथून जायचं नाही. पण अण्णांना दुखवून राहायचंही नाही. त्यांनी एकदा इथं यावं, माझी शाळा बघावी, मग ते म्हणतील तसं मी करीन. न बघताच ते नको म्हणतात, ते मला सलतं.

तर मे महिन्यात सगळे या. माझी एकच खोली, त्यात आपण मावणार नाही, म्हणून किनाऱ्यावर राहण्यासाठी तीन तंबू भाड्यानं सांगून ठेवलेत. दोन डोंगरांच्या मधे विळ्यासारखा वाकलेला किनारा आहे आणि वरच्या अंगाला सुरूची झाडं. तिथंच चूल मांडू, तिथंच झोपू. मायला समुद्र बघायचा आहे हे मी विसरलो नाही. फक्त २३ मेला पौर्णिमा आहे, त्या दिवशी इथं मोठी भरती असते. ती चुकवून २६ नंतर या.

अंगद दाजींना जीप तपासून घ्यायला सांग. साक्षीला मामाची आठवण सांग. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
कल्याण

घनसावंगी
३ मे २०२४

चि. कल्याण यास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र अण्णांना आखाड्यावर जाऊन वाचून दाखवलं. तुझ्या कोकणात आखाडा म्हणजे कुस्तीचा समजतील, पण आपला शेतातला, जिथं अण्णा बारा महिने बाजेवर झोपतात. तंबूचं ऐकून ते म्हणाले की उघड्यावर झोपायला पाचशे किलोमीटर जायचा खर्चा कशाला, ते तर मी इथं फुकटात करून राह्यलो. फॉर्मबद्दल बोलले की त्यात पाहायचं काय, जल्दी भरून टाक म्हणावं. माय चुलीत लाकडं सारत बसली. मला वाटलं संपलं.

पण मी पुढं वाचत गेले. मोठी भरती हे शब्द आले आणि अण्णा बाजेवर उठून बसले. तो भाग परत वाच म्हणाले. परत वाचला. मग कडाडले की एवढी मोठी भरती लागलीय अन् हा चुकवून या म्हणतो, कल्याणचं डोकं ठिकाणावर हाय का. आता तुझ्या ध्यानात आलं असेल. आमची साक्षी वर्षभर पोलिस भरतीसाठी पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं धावते आहे. अण्णांच्या लेखी भरती म्हणजे तीच. समुद्राचं पाणी चढतं त्याला काय म्हणतात, हे गोदावरीकाठच्या माणसाला कोण सांगणार? नातीसाठी ते २३ तारखेलाच पोचणार म्हणाले. तिच्या दाखल्यांच्या झेरॉक्स काढायला ते स्वतः घनसावंगीला आल्ते.

मी खुलासा केला नाही. पाप म्हण नाहीतर पुण्य, मी ओठ शिवून घेतले. साक्षीला सगळं सांगितलं आहे, ती तोंडाला ओढणी लावून हिंडते. अडचण एकच होती, आखाडा सोडायचा तर गुरं आणि विहिरीवरची मोटार कोण बघणार. मी सांगितलं की मी बघते. तेव्हा मी येणार नाही. अण्णा, माय, साक्षी आणि तुझे दाजी येतील. तू बिलकुल बोलू नकोस.

माझ्या वाट्याचा समुद्र कागदावर पाठव.

तुझी,
ताई

आंबेखोल
११ मे २०२४

ती. ताईस,
शि. सा. न.

तू मला फासावर चढवणार. त्या दिवशी भर दुपारी पाणी सुरूच्या झाडांपर्यंत येतं. तंबू कुठं लावू? आणि फसवलं हे कळल्यावर अण्णा त्याच जीपनं परत फिरले तर? मग नऊ वर्षांत आले नाहीत ते पुढं कधी येणार नाहीत, आणि फॉर्म मला भरावाच लागेल. निवडणुकीच्या ड्युटीवरही मला एवढी धास्ती नव्हती.

पण येऊ देत. तू आखाड्यावर राहणार हे मी दोनदा वाचलं. त्याबद्दल समोर भेटलीस की बोलेन.

कल्याण

आंबेखोल
२८ मे २०२४

ती. ताईस,
कल्याणचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

आता बैस आणि सावकाश वाच.

२३ तारखेला सकाळी दहाला जीप आली. अण्णा उतरले ते प्लास्टिकच्या पिशवीत साक्षीची फाईल घेऊनच, आणि ग्राउंड कुठंय विचारू लागले.  मी नुसता समुद्राकडे हात केला आणि त्यांना किनाऱ्यावर नेलं. बाराच्या सुमाराला पाणी चढू लागलं. वाळू गेली, होडीचा खुंटा गेला, माझ्या पहिल्या तंबूच्या खुंट्या उपटल्या. तेव्हा मी सांगितलं की अण्णा, हीच ती भरती.

 अण्णा फाईल छातीशी धरून पाण्याकडे बघत राहिले. दाजींनी जीपची चावी खिशातून काढली सुद्धा. मग अण्णांनी विचारलं, हे रोज येतं का. मी म्हणालो, दिवसातून दोनदा येतं आणि जातं. ते म्हणाले, बराबर हाय, मंग चुकवा म्हणून कशाला लिवलं. आणि तोंडावर उपरणं धरून हसायला लागले. ताई, अण्णा असे हसलेले मी तुझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच बघितले. हे मीनाचं काम हाय, असंही म्हणाले, तेव्हा तू जपून राहा.

पुढचे चार दिवस तंबूंचे मालक तेच. वाळूत खुंटी धरत नाही हे त्यांनी एका झटक्यात ओळखलं. जीपमधल्या रिकाम्या खताच्या गोण्या काढल्या, वाळूनं भरून पुरल्या आणि दोर त्यांना बांधले. तिन्ही तंबू झाडांच्या वर चढवले, भोवती आखाड्याला काढतो तसा चर काढला. वारा सुटला तरी एक दोर सैल पडला नाही. संध्याकाळी ओहोटीला कडक ओल्या वाळूचं लांबच लांब मैदान उघडं पडलं. अण्णांनी पावलांनी आठशे मीटर मोजले, दोन टोकांना काठ्या रोवल्या आणि साक्षीला म्हणाले, घे, हे तुझं ग्राउंड. रोज ओहोटी बघून तिला पळवली. मायनं पाणी चाखलं, मीठ जास्त पडलंय म्हणाली, आणि तुझ्यासाठी एक बाटली भरून घेतली.

खरी गोष्ट पुढं आहे. शुक्रवारी शाळा दाखवायला त्यांना नेलं. सुट्टी असूनही पोरं जमली होती. अण्णांनी तिसरीतल्या प्रियदर्शनीला विचारलं, काय चाललंय. ती पाटीवरून नजर न काढता म्हणाली की गणित करून राह्यलो. शेजारच्या पोरीनं सांगितलं, मंग झाडांना पाणी घालणार. कोकणातली पोरं, ताई, आणि बोलणं आपल्या घनसावंगीचं. मला नऊ वर्षांत हे कधी जाणवलंच नव्हतं. अण्णा दारातच बसले. उपरण्यानं डोळे पुसले आणि ऊन लागतंय म्हणाले. वर्गात ऊन नव्हतं.

फॉर्मबद्दल मात्र जाताना अवाक्षर काढलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, घरी जाऊन सांगतो. तो अजून कोराच आहे. तुझ्याजवळ काही बोलले तर कळव. माया अशीच राहू दे, खोड्या थोड्या कमी केल्यास तरी चालेल.

तुझा,
कल्याण

आपला आखाडा
२ जुलै २०२४

चि. कल्याण यास,
तुझ्या बापाचे अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिवत न्हाई हे तुला ठाऊक हाय. हे माझ्या हातानं लिवलंय, चूकभूल सुधारून वाच. मास्तर हाईस.

साक्षीचं ग्राउंड झालं. पन्नासपैकी सत्तेचाळीस मार्क आले. पोरगी वाळूत पळाली ती रस्त्यावर उडाली. लेखी राहिलीय, ती बी काढील. गावात लोक इचारून राह्यले, कुठं तयारी केली. मी म्हणतो, आमच्या कल्याणच्या समुद्रावर.

मीनाला मी रागावलो न्हाई. ती बाटली तिनं देवापाशी ठेवलीय, पण बाटलीतला समुद्र काय समुद्र असतो? आखाड्याला कुलूप घेतलंय. गुरं चार दिवस शेजारच्या अण्णासाहेबाकडं बांधीन. दिवाळीनंतर मीनाला घेऊन सगळेच येऊन राह्यलो. गोण्या धुऊन ठेवल्यात.

फॉर्म भरू नको. ती लेकरं आपल्यासारखं बोलतात, त्यांना सोडून कुठं येतो.

दिवाळीनंतरची मोठी भरती कोणत्या तारखेला हाय ते जल्दी कळव. या खेपेला बी चुकवायची न्हाई.

तुझा,
अण्णा