चाचांच्या बोटाजोगा क्लच

५ ऑक्टो., रवि.
कारखान्याचं यार्ड रिकामं. ऊस नाही, ट्रॅक्टर नाही, नुसतं ऊन. दुपारी दोन तास रिमोटवरची छोटी नायट्रो गाडी पळवली. इंधनातल्या एरंडेलाचा धूर नाकात गेला की कुठंतरी लांब गेल्यासारखं वाटतं. कुठं, ते ठाऊक नाही. माया म्हणते, "चाळिशी आली, अजून खेळणं सुटंना." बायकोला काय सांगणार.
करीमचाचा आले, काठी टेकत. ट्रॅक्टरचा क्लच मला यांनीच शिकवला, फाट्यावरच्या त्यांच्या गॅरेजात. उन्हाळ्यात लकव्याचा झटका आला, तेव्हापासून उजव्या हातात जोर नाही, गॅरेज बंद. गाडीकडे बराच वेळ बघत राहिले.
"हिला बी क्लच हाय?"
"हाय ना."
"मंग दाखव की."

७ ऑक्टो.
चाचांना उघडून दाखवला. पेढ्याएवढं चाक, त्यावर तीन शू, म्हणजे नखाएवढ्या वाकड्या पट्ट्या, प्रत्येकाला एक इवलीशी स्प्रिंग. इंजिनानं वेग घेतला की शू बाहेर फाकतात, वरच्या वाटीला धरतात, गाडी निघते. स्प्रिंग जाड असली तर उशिरा धरतात, पण झडप घालून. बारीक असली तर लवकर, हळू. चाचा खूप हसले. "म्हंजी शाळा तीच, पोरं लहान."
जाताना सांगितलं: लेक, शबाना, त्यांना वाटूरला न्यायचं म्हणतेय. खोलीसुद्धा आवरून ठेवली तिनं. "ह्या गाडीचा एक फेरा बराबर मारला ना बेटा, तर गॅरेज खोलतो. न्हाई तर जातो लेकीकडं, पाने-बिने तू घेऊन जा."
हसत म्हणाले. पण गंमत नव्हती ती.
कारखान्याची मोळी पडायला, गाळप सुरू व्हायला तीनेक आठवडे. मग यार्डात उसाचे ट्रॅक्टर लागतील, पाय ठेवायला जागा उरणार नाही.

१२ ऑक्टो., रवि.
चाचांच्या हाती रिमोट दिला. पिस्तुलासारखा असतो, तर्जनीनं घोडा ओढायचा. त्यांचं बोट आधी येतच नाही, आणि येतं तेव्हा सगळंच येतं. गाडी उतावळ्या नवऱ्यासारखी सुटली ती थेट कुंपणाला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. १.१ मिलिमीटरची जाड स्प्रिंग, ॲल्युमिनियमचे शू. माझ्या हाताला बरोबर, त्यांच्या हाताला वैरी.
चाचांनी रिमोट सदऱ्याला पुसून परत दिला. मला रडू आलं. धूर गेला डोळ्यात म्हणालो.

१५ ऑक्टो.
कारखान्यात आमच्या मिल हाऊसला, ऊस पिळतात तिथं, ओव्हरहॉलिंग. हात कामावर, मन क्लचात. ठरवलं: ०.९ ची बारीक स्प्रिंग. काळे कॉम्पोझिट शू, ते सोसून धरतात. तेही उलट्या तोंडानं बसवायचे, म्हणजे चावणार नाहीत, घसरत घसरत धरतील. बोट कसंही ओढलं तरी गाडी हळूच निघेल.
चाचांना सांगायचं नाही.
जेवणाच्या सुट्टीत टाकीच्या सावलीला डोळा लागला. स्वप्नात गॅरेजचं शटर वर जात होतं, जातच होतं, आभाळापर्यंत, आणि आत कुणीतरी पान्यानं हळूहळू ठोकत होतं. भोंग्यानं जागा झालो. तरी ठोकणं थोडा वेळ ऐकू येत राहिलं.

१९ ऑक्टो., रवि.
फिरली! सगळं यार्ड फिरली, वजनकाट्यापासून ऊस टाकायच्या गव्हाणीपर्यंत आणि परत. धुराची निळी रेघ मागं लोंबत होती. वारा नव्हता, म्हणून ती मोडतच नव्हती. चाचा लहान झाले होते. "देख, देख, कशी जाऊन राह्यली!" पाच फेरे. "उद्या शटरला तेल देतो," म्हणाले.
मी हसलो. पण चोराच्या मनात चांदणं.
सहाव्या फेऱ्याला थांबले. नाक वर केलं.
"क्लच जळून राह्यला. घसरता बसवला तू."
"इंजिन तापलं असंल, चाचा."
माझ्याकडे बघितलं. एरवी बेटा म्हणतात. आज म्हणाले, "सिद्धार्थ, मी शिकवलेलं मलाच इकतो का?"
काठी उचलली, गेले.

२३ ऑक्टो.
गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाऊ? दुपारी शबानाचा फोन. "भैया, रविवारी अब्बाला घ्यायला येऊन राह्यले. हो म्हणले ते. तुम्हाला काई बोलले का?" नाही म्हणालो. लाज वाटते. त्यांना फेरा मिळवून द्यायला गेलो आणि होता तो भरवसाही घालवला.

२५ ऑक्टो.
गाडी आणि स्प्रिंगांची डबी घेऊन गेलो. चाचा बाजेवर होते. माफी मागितली. म्हणालो, तुमचं बोट साथ देईना म्हणून...
"बोट साथ देईना, ते मला म्हाईत हाय. तुला तोंडावर सांगता येईना, ते वंगाळ."
मी गाडी त्यांच्यापुढं ठेवली.
"क्लच खोल. डबीतल्या कडक स्प्रिंगा काढ. मी बसवतो."
"लई बारीक काम हाय, चाचा. मलाच घाम फुटतो."
"फेरा कुणी बी मारतं. बसवायला मिस्त्री लागतो."
स्प्रिंगचा पाय खोबणीत दाबून अडकवायचा असतो. पहिली चारदा उडाली, चारदा मी बाजेखाली रांगलो. दीड तासानं खट् झालं. दुसरी अंधार पडायच्या आत बसली. अंगठ्यातून रक्त. पुसू दिलं नाही.

२६ ऑक्टो., रवि.
सकाळीच यार्डात पहिले ट्रॅक्टर लागले. फेऱ्याची जागा गेली.
चाचांनी बाजेवर पांढरी चादर अंथरलेली, मधोमध क्लच. तिसरी स्प्रिंग सकाळपासून उडतेय. अकराला शबाना जीप घेऊन आली.
"अब्बा, जीप थांबून राह्यली."
"थांबू दे."
तिनं आधी सामानाकडे बघितलं. गाठोडं बांधलेलं नव्हतं. मग बापाच्या बोटाकडे. बोट खोबणीच्या काठापर्यंत जायचं, तिथं थांबायचं, पुन्हा मागं यायचं. चिडेल वाटलं. चिडली नाही. चप्पल काढून समोर बसली आणि स्प्रिंग उडू नये म्हणून चादरीची दोन टोकं वर धरली. जीपवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. ती उठून बाहेर गेली, येऊन पुन्हा टोकं धरली.
"कुणी बोलू नका," चाचा म्हणाले. कुणीच बोलत नव्हतं.
दोनच्या पाळीसाठी मी निघालो, तोवर तिसरी बसली नव्हती. बाहेर जीप नव्हती. शबानानं ती मघाच वाटूरला रिकामी लावून दिली होती.