सारिकाची सर्व्हिस

३ नोव्हें., सोम.
पेपरची वेबसाइट चालवणारा प्रोग्रॅम गेली सहा वर्षं मीच चालू करतो. जळगाव ऑफिसातल्या लिनक्स मशीनवर काळी खिडकी उघडायची, कमांड द्यायची, खिडकी तशीच ठेवून घरी जायचं. मॉनिटरवर माझ्या अक्षरात चिठ्ठी: ‘ही खिडकी बंद करू नये.’ आज धुळे ऑफिसच्या सारिकाने तिकडे बसल्या बसल्या त्याची ‘सर्व्हिस’ बनवली, म्हणजे तो चालवायचं काम मशीनकडेच दिलं. खिडकी नको, चिठ्ठी नको. प्रोग्रॅम मागे गुपचूप चालत राहतो. मीटिंगमध्ये संपादक नाना म्हणाले, ‘‘सहा वर्षं हे कोणाला सुचलं नाही?’’ कोणाला म्हणजे मलाच.

६ नोव्हें., गुरु.
दुपारी प्रोग्रॅम पडला आणि पाच सेकंदांत स्वतः उठला. मला संध्याकाळी लॉगमधल्या नोंदी पाहिल्यावर कळलं. पूर्वी पडला की मला फोन. बोदवडला साडूच्या मुलीच्या लग्नात अक्षता मुठीत धरून कमांड सांगितली आहे मी. छपाईचा भिका म्हणाला, ‘‘भाऊ, आते तुमना फोन वाजतच नही! बठ्ठं आपोआप चाली राह्यनं.’’ सगळं आपोआप! हसलो. जेवण गेलं नाही.

८ नोव्हें., शनि.
वेब विभागाला प्रमुख नेमायचाय. माझं नाव धरूनच चालले होते सगळे. आता दोन नावं.
सारिका सुट्टीवर, साक्रीला घरी. मशीनवर शिरून तिची सर्व्हिस पाहिली. फाइल स्वच्छ, अकरा ओळींची. मला इतकी नेटकी जमली नसती. पण एक राहिलंय. मशीन सुरू होताना सर्व्हिसही सुरू व्हावी म्हणून वेगळी कमांड द्यावी लागते, ती दिलेली नाही. वीज जाऊन आली की मशीन उठेल, साइट उठणार नाही. एका ओळीचं काम. केलं नाही. तिला कळवलंही नाही.

११ नोव्हें., मंगळ.
उद्या मेंटेनन्स, दहा ते बारा वीज बंद. इन्व्हर्टर अर्धा तास टिकतो.
सारिकाचा फोन, भलत्याच कामासाठी. ठेवताना म्हणाली, ‘‘सर, तुमच्या जुन्या स्क्रिप्ट वाचूनच शिकले मी.’’ सांगायला जागा होती. ‘‘चालायचंच,’’ म्हटलं.

१२ नोव्हें., बुध.
बाराला वीज आली. साइट नाही. तयारीत बसलो होतो, हे कबूल. नाना केबिनमधून ओरडले, ‘‘अरे, सारिकाला लावा फोन!’’ मी दहा पावलांवर.
पाऊण वाजता तिने धुळ्याहून सुरू केली आणि राहिलेली कमांडही दिली. नानांना तिने सरळ सांगितलं, ‘‘चूक माझी.’’ नाना खूश. ‘‘पोरीने लगेच कबूल केलं, बघा.’’ हे माझ्याकडे बघत.

१३ नोव्हें., गुरु.
सकाळी तिचा फोन.
‘‘सर, मशीनवर आपलं दोघांचं लॉगिन एकच आहे. शनिवारी मी साक्रीला होते. त्या दिवशी कोणीतरी आत येऊन सर्व्हिसचं स्टेटस पाहिलंय.’’
‘‘हो. मी.’’
‘‘मग दिसलं असेल ना?’’
छपाईला पान सोडायचंय, नंतर बोलतो, म्हणालो. पानं रात्री सुटतात, सकाळी साडेनऊला कसलं पान? तिलाही ते माहीत.
‘‘मी नानांना काही बोलले नाहीये,’’ एवढं म्हणून तिने ठेवला.
ओरडली असती तर बरं झालं असतं. आता याही बाबतीत तीच मोठी.
उद्या अकराला प्रमुखपदासाठी नानांनी दोघांना बोलावलंय. धुळ्याहून तिची गाडी साडेदहापर्यंत येते. नाना दहालाच येतात. तिच्या आधी जाऊन मीच सांगावं, की शनिवारीच मला दिसलं होतं आणि मी मुद्दाम कळवलं नाही. निदान कबुलीत तरी तिच्या पुढे.