परसातला कडुनिंब तोडू नका

तीर्थरूप बाबांना प्रियदर्शिनीचा नमस्कार.

तारनाक्याची खोली छान आहे, जेवणही आवडतंय. फोनवर तुम्ही ‘बरं’ म्हणता आणि मनातलंच करता, म्हणून लिहितेय.

आपला कडुनिंब बुरशीने शेंड्याकडून वाळलाय. इथे मी काम करते त्या बागेतही तसे पुष्कळ आहेत, त्यांचे वाळके शेंडे मी छाटते. रोग पसरू नये म्हणून मी प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसते, तर वॉचमन यादगिरी हसतात, “क्या अम्मा, झाडकू सुई लगारे क्या?” पण यातल्या बऱ्याच झाडांना पुन्हा पालवी फुटली.

आपला जगेलच, असं छातीठोक सांगवत नाही. पण साल नखाने खरवडून बघा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत, हे मला शाळेआधी तुम्हीच शिकवलंत. वाळके शेंडे छाटून जाळा आणि थांबा.

आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, कुऱ्हाड पलंगाखाली ठेव आणि वर झोप.

तुमची काळजीखोर,
प्रियदर्शिनी