दाजींची किल्ली

मेहुणेबुवा,

तुरुंगात पत्रं उघडून वाचतात, म्हणून हे पत्र माझ्या पेटीतच राहील.

खटला चालू असताना कायदा मी स्वतः वाचून काढला. चोरीच्या कटात सामील असलेले सगळे सारखेच गुन्हेगार. गोदामात कोण शिरलं आणि किल्ली कोणी घासली, हा फरक कायदा करत नाही. माझ्यावर बोट दाखवलं असतंस, तर तुझी शिक्षा कमी झाली असती. पण तू खरं तेच सांगितलंस, "दाजींना मी माझ्या खोलीची किल्ली म्हणून सांगितलं होतं." तिथेच थांबायचं ना! वर म्हणालास, "ते कटात असते तर जरा धड किल्ली केली असती. अर्धा तास झटापट केली, तेव्हा कुठे कुलूप उघडलं."

सगळं कोर्ट हसलं. मी उठून बोलणारच होतो, पण वकिलांनी सदरा ओढून खाली बसवलं.

आज मी माझ्या कुलूप-किल्ल्यांच्या दुकानात आहे आणि तुझी ताई मागे चहा गाळते आहे, ते तुझ्यामुळे. हे उपकार जन्मभर विसरणार नाही.

पण बाबा रे, ती किल्ली मी बारीक कानस मारून, तेल लावून दिली होती. ती घालताक्षणीच कुलूप उघडलं असणार. सुटून आलास की एवढं कबूल कर. सगळ्यांदेखत नको, माझ्या कानात सांगितलंस तरी पुरे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेले,
दाजी