नेहमीचे ऑइल

दि. १४, रविवार

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा आता जिना चढू देतो. कुरकूर मात्र तेवढीच आहे, गुडघ्याची आणि वहिनीचीही. गॅरेजचं शटर दुरुस्त केलं. बाकी विशेष काही नाही.

विशेष काही नसतं तर मी फोनच केला असता, हे तू ओळखलं असशीलच.

काल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो होतो. तुझी गाडी मागच्या शेडमध्ये उभी आहे, जाम झालेलं इंजिन खाली काढून ठेवलंय. तिथला साहेब इतका नम्र, की भांडताही येईना. त्याने माझंच बिल माझ्यापुढे ठेवलं. "काका, ‘नेहमीचे ऑइल’ म्हणजे कोणतं? ग्रेड कुठे लिहिलाय?" तीस वर्षं मी प्रत्येक बिलावर हेच लिहीत आलोय, कुणी कधी विचारलं नव्हतं.

परवा तू फोनवर म्हणालीस, "दादा, कंपनी सांगते तेच पातळ ऑइल घातलं होतं एवढंच लिहून दे, म्हणजे वॉरंटीत नवं इंजिन मिळेल." मी बघतो म्हणालो. बघण्यासारखं काही नव्हतं गं. मी जाड ऑइल घातलं होतं.

इंजिनाच्या तेलाच्या झाकणावर पातळ ग्रेडचा नंबर छापलेला होता. मी तो वाचला आणि हसलो. जुन्या इंजिनांवर हात काळे केलेली आम्ही माणसं. जाड तेल म्हणजे इंजिनाला बळ, हे डोक्यात पक्कं बसलेलं. इतरांच्या गाडीत कंपनी सांगते तेच ओततो. तुझी गाडी दिवसभर भाड्यावर पळते, म्हणून तुझ्यासाठी मुद्दाम वरच्या फळीवरचा डबा काढला. माया उतू गेली, दुसरं काय! पुढे तू सांगितलंस, सकाळी सुरू करताना इंजिन टकटक वाजतं. मी म्हटलं, "तुझ्यासारखीच बडबडी आहे, वाजू दे."

वाजू दे म्हणे! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तुझ्यासाठी मी खोटंही लिहून दिलं असतं. पण त्यांनी तेलाचा नमुना तपासायला पाठवलाय. बुधवारी रिपोर्ट येईल आणि क्लेम नामंजूर होईल. मी हात जोडले, म्हटलं, चूक माझी आहे, तिला कशाला शिक्षा? साहेब म्हणाला, "काका, माझ्या हातात काही नाही." माझ्या तरी हातात काय आहे? शिवणकारखान्यातली नोकरी सोडून तू ही गाडी घेतलीस. आता सकाळी उठून कुठे जायचं, हे मला विचारू नकोस.

निघताना त्याने तुझा अर्ज दाखवला. शेवटी तू लिहिलंयस, "माझ्या गाडीला माझ्या भावाशिवाय कुणाचाही हात लागलेला नाही, त्यामुळे चूक होणे शक्य नाही." त्या ओळीखाली त्यांनी लाल रेघ मारली आहे. ते जाड तेल आपल्याच गॅरेजात पडलं, कंपनीची चूक नाही, याला त्यांना दुसरा पुरावा नको.

तुझ्या गाडीला ज्याच्याशिवाय कुणाचाही हात लागला नाही, तो
तुझा दादा